भिंतीची तीनशे कार्डं

३ ऑगस्ट १९७७
परत आलं चित्र! पुण्याच्या मार्गदर्शक सरांचा शेरा — 'भिंतीवर डाग आहेत. कॉम्प्युटरची कार्डं पाडताना चूक झाली असावी.' चूक? तो खडबडीतपणा आहे भिंतीचा! कॉम्प्युटरवर एकेक किरण मोजून हे लोक चित्रं काढतात आणि यांची प्रत्येक भिंत काचेसारखी गुळगुळीत. मी भिंतीचे तीनशे तुकडे केले, प्रत्येकाला वेगळा कल दिला, एका तुकड्याचं एक कार्ड. कुणाचं तोंड दिव्याकडं, कुणाची पाठ. मग उजेड तसाच पडणार ना — इथं लख्ख, तिथं सावली! सोलापुरातल्या कुठल्याही गिलाव्यावर कंदील धरून बघा म्हणावं. पुण्यात बसून शेरे मारायला काय जातं!

आता तेच आकडे नव्या कार्डांवर पाडून पाठवायचे. पुन्हा तसंच चित्र आलं तर मान्य करतील. नाहीतर 'प्रबंधाला दुसरा विषय घ्या.' चार वर्षं मातीत!

५ ऑगस्ट
गिरणीच्या ऑफिसात कार्डांवर आकड्यांची भोकं पाडायचं यंत्र आहे. तिथला ऑपरेटर संगप्पा जेवणाच्या सुट्टीत माझं काम करून देतोय. "माजी पोरगी तुमच्याच वर्गात शिकली की, बाई."

१९ ऑगस्ट
सत्यानाश! नवं चित्र आलं. खडबडीतपणाचा मागमूस नाही. भिंत डावीकडं उजळ, उजवीकडं हळूहळू काळी होत गेलेली — खांबासारखी गोल! दिवा तोच, प्रोग्रॅम तोच. मग झालं काय?

२० ऑगस्ट
गिरणीत गेले. संगप्पा हसतमुख! "आकडे लई इस्कटलेले होते, बाई. सॉर्टरमधनं काडून ल्हानापासनं मोट्यापर्यंत लावून दिले. इस्कटलेला गठ्ठा आमी कुनाला देत न्हाय."

कामगारांच्या हजेरीची कार्डं वाटली याला! कल क्रमानं लागले, म्हणून भिंत वळत गेली. अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशी ओरडले. तरी राग जाईना. तिथंच कागद मागून घेतला आणि मॅनेजरच्या नावानं तक्रार लिहिली. "तेवडं नको, बाई," म्हणत होता. दिलीच.

२७ ऑगस्ट
संगप्पाला कामावरून काढलं. गिरणीच्या यंत्रावर बाहेरचं काम केलं म्हणून. माझ्याच तक्रारीतून कळलं त्यांना. मला काय ठाऊक असं होईल!

ठाऊक होतं. नाहीतर जेवणाच्या सुट्टीत कशाला करत होता? — तरी चीड त्याचीच येते. का हात लावलास माझ्या आकड्यांना!

२ सप्टेंबर
सरांचं पत्र. 'दाक्षायणीबाई, तुमचे दोन्ही गठ्ठे ताडून पाहिले. आकडे तेच. विस्कटलेले असताना भिंत खडबडीत, क्रमानं लावले की गोल. म्हणजे ते डाग नव्हेत. माझी शंका फिटली. क्रम लावून पाहण्याची तुमची युक्ती फार सुरेख. प्रबंधात सविस्तर लिहा.'

उलट टपाली उत्तर टाकलं. 'आभारी आहे.' एवढंच लिहिलं.