दुखवट्यातला रेडिओ

बेलग्रेड,
शनिवार, ५ नोव्हेंबर १९८३

प्रिय स्तामेनाताई,

तुझ्या दोन्ही गालांचे मिळून तीन मुके. गुडघा कसा आहे? कोबीची पानं बांधतेस ना? बसच्या ड्रायव्हरकडे हे पत्र आणि थोडी कॉफी दिली आहे. हल्ली मिळत नाही, तेव्हा शेजारणींना वाटत बसू नकोस.

रादिसावभावोजींच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला येत्या शनिवारी मी येणार होते. जमणार नाही गं. गुरुवारी माझ्या घशाचं ऑपरेशन आहे. बघ, लिहून टाकलं एकदाचं. गाठ आहे, आणि चांगली नाही. डॉक्टर सरळ म्हणाले, "बाई, जीव वाचवायचा तर आवाज जाईल. गाणं सोडाच, बोलणंही." सत्तावीस रेकॉर्डी झाल्या, अर्धा देश लग्नांत माझी गाणी गातो, आणि मी आरशासमोर आ करून बसते. फार भीती वाटते.

अकॉर्डियनवाला तिहोमिर रोज येतो. "चल ना ल्युबिंका, एक शेवटची टेप करून टाकू! गुरुवारनंतर काय खाणाखुणा करून गाणार आहेस?" असं बोलतो मेला, आणि मग जिन्यात जाऊन रडतो. मी त्याला सांगते, भावोजी गेलेत, चाळीस दिवस गाणार नाही. तर काल म्हणाला, "तुला कधीपासून दुखवट्याची पडली?"

त्याला माहीत आहे. तुला नाही.

बाबा गेले त्या रविवारी मी रेडिओवर पहिल्यांदा गायले. आपल्या घरात बाबांना टेबलावर ठेवलेलं, आरसे झाकलेले, आणि शेजारच्या खिडकीतून माझा आवाज. सगळं गाव थुंकलं माझ्या नावानं. तेव्हा तू अंगणात उभी राहून ओरडलीस, "माझ्या बहिणीला तार पोचलीच नाही!" एकवीस वर्षं तू तेच सांगत आलीस.

ताई, तार पोचली होती. सकाळीच. तिहोमिरनंच आणून हातात दिली. मी वाचली, ब्लाउजमध्ये कोंबली आणि गायले. वाटलं, आज नाही म्हटलं तर पुन्हा कोण बोलावतंय मला? आणि त्याहून वाईट सांगू? तितकं चांगलं मी नंतर कधीच गायले नाही.

आता वाटतं, बाबाच माझा घसा धरून बसलेत. डॉक्टर म्हणतात, सिगारेट. त्यांना काय कळतंय!

हे लपवून बोलावलं असतं तर तू गुडघा विसरून धावत आली असतीस. म्हणूनच आधी सांगितलं. आज तेहतिसावा दिवस. अंघोळ करतानाही गुणगुणले नाही. चाळीस पुरे व्हायच्या आत आवाज जाणार, तर जाऊ दे. एवढं तरी पाळते.

मंगळवारची बस दुपारी दोनला येते. मी थांब्यावर उभी असेन. तू उतरलीस तर गाणार नाही, माफीही मागत बसणार नाही. फक्त एकदा मोठ्यानं "ताई" अशी हाक मारीन. तेवढी ऐकून घे.

नाही उतरलीस, तरी मारीनच.

तुझी, गुरुवारपर्यंत बोलणारी,
ल्युबिंका