घंटेनंतरची दहा मिनिटं

३ मार्च
डॉक्टरांनी रक्तदाबासाठी सांगितलं म्हणून ह्याने आजपासून ध्यान सुरू केलं. माझ्या नवऱ्याचं आणि शिस्तीचं जन्माचं वाकडं! लेकीने फोनवर अ‍ॅप घालून दिलं. "बाबा, हे हिरवं बटण दाबायचं, डोळे मिटायचे, बस्स." मागच्या खोलीत गेला, दार ओढून घेतलं. वीस मिनिटांनी आतून अ‍ॅपची वेळ संपल्याची घंटा वाजली. बारीक, गोड. आठवड्याभरात उत्साह मावळेल, लिहून ठेवते.

५ मार्च
तिसरा दिवस. अजून बसतोय.

९ मार्च
मावळला नाही! छापखान्यात जायच्या आधी, सहाच्या ठोक्याला खोलीत. ज्याला गदागदा हलवून उठवावं लागायचं, तो माझ्या आधी उठून तोंड धुऊन तयार.

एक गोष्ट मात्र खटकतेय. घंटा वाजते सहा वीसला. साहेब बाहेर येतात साडेसहाला. ही दहा मिनिटं कसली?

१० मार्च
आज बारा.

११ मार्च
विचारलंच. ओट्याशी पाठमोरी उभी राहून, अगदी सहज — "घंटेनंतर काय करतोस रे?" उत्तर नाही! वळून पाहिलं तर पेपरात डोकं. सोयीचं नसलं की हा असाच.

दोन वर्षांपूर्वी त्या बाइंडिंगवालीचे मेसेज यायचे, तेव्हाही घरात असाच मुका असायचा. "संपलं ते, शपथ," म्हणाला होता. मी विश्वास ठेवला — म्हणजे ठेवायचं ठरवलं. पुन्हा तसं काही निघालं तर ह्या घरात राहायचं नाही, हेही तेव्हाच ठरवलं.

१४ मार्च
ताईला फोन केला. "कुठेतरी पाणी मुरतंय गं. दाराला कान लाव." मला सांगते! दवाखान्यात मी दिवसभर लोकांचे कानच तपासते. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं; आजच एक आजोबा काही ऐकू येत नसताना माझ्या तोंडाकडे बघून दाबत होते. दोन मिनिटांत पकडलं. मला कोण फसवणार?

१५ मार्च
दाराबाहेर स्टूल टाकून बसले. नीट ऐकू यावं म्हणून डोळे मिटले. आत कुजबुज नाही, हसणं नाही. घंटेनंतरही सगळं शांत. पण मेसेज लिहायला आवाज थोडाच लागतो!

१९ मार्च
पाचवा दिवस स्टुलावर. लाज वाटते, पण सुटत नाही. आज मध्येच लक्षात आलं, बराच वेळ माझ्या डोक्यात हा नव्हताच, काहीच नव्हतं. छान! मी पाळत ठेवायला बसलेय, ध्यानाला नाही.

२२ मार्च
बाहेर आला तेव्हा चेहरा इतका निवांत! माझ्यामुळे असा कधी दिसला होता?

माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली. तो कडी लावत नाही, हे बघून ठेवलंय. उद्या आत जाणार.

२३ मार्च
घंटेच्या मिनिटभर आधी दार ढकललं. सतरंजीवर बसलेला. हात मांडीवर, मोकळे. फोन गुडघ्याशी, पालथा. डोळे मिटलेले.

मग घंटा वाजली. तीनदा. त्याच्यापासून हातभर अंतरावर.

माणूस ध्यानात कितीही बुडालेला असो, आवाज कानावर पडला की पापणीत काहीतरी हलतं. सतरा वर्षं हेच बघतेय. ह्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

कान जायला लागले की बारीक, उंच आवाज आधी जातात. समोरासमोरचं बोलणं बरेच दिवस कळत राहतं, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. पेशंटच्या बायकांना मी हे रोज समजावून सांगते! सव्वीस वर्षं हा छापखान्यात मशीनला खेटून उभा आहे.

खांद्यावर हात ठेवला. केवढ्याने दचकला.

२४ मार्च
काल धीर झाला नाही. आज समोर बसून विचारलं.

"घंटा? त्यात घंटा वाजते?" म्हणाला. "मला वाटलं, मन निवलं की आपलं आपण उठायचं."