जावई, राउटर आणि माझा शांत स्वभाव

३ मार्च, सोमवार

समुपदेशक बाईंनी रोज लिहायला सांगितलंय. राग आला की वहीत उतरवा, म्हणाल्या. वही कुणी वाचणार नाही, त्याही नाही. तेव्हा खरं ते लिहितो. मला राग येत नाही. गोदामात फोर्कलिफ्टवाल्याच्या कानाखाली वाजवली ती सुरक्षा सुपरवायझर म्हणून वाजवली. ऑफिसला हा फरक कळत नाही, म्हणून मला बाईंकडे पाठवलं.

आज मुलगी आणि जावई राहायला आले. त्यांच्या फ्लॅटमध्ये पाइप फुटलाय, काम महिनाभर चालेल. जावई घरून काम करतो. उंच, फिकट, बोलायला लागला की वाकतो. मनातल्या मनात मी त्याला मेणबत्ती म्हणतो. तोंडावर जावईबापू.

मुलीने बॅग खाली ठेवायच्या आत बजावलं. बाबा, साखरपुड्यात तुम्ही खुर्ची फेकलीत ती मी विसरले, पण पुन्हा याच्या अंगाला हात लागला तर या घरात पाय ठेवणार नाही. वास्तविक खुर्ची त्याला लागलीच नव्हती. केटररला लागली. तरी मी बरं म्हटलं. एकुलती एक आहे, आणि ती आली की मला घरात बरं वाटतं.

संकल्प: महिनाभर कुणालाही हात लावायचा नाही.

४ मार्च, मंगळवार

मेणबत्तीने वायफायचा पासवर्ड मागितला. दिला नाही. सुरक्षेचं तत्त्व. हिने, म्हणजे बायकोने, विचारलं, घरच्या माणसापासून कसली डोंबलाची सुरक्षा? मी गोदामातली उदाहरणं द्यायला घेतली. दुसऱ्या उदाहरणाला ही उठून गेली.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशी घरी राउटर बसला. टेक्निशियन म्हणाला, लक्षात राहील असा पासवर्ड टाका. मी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि त्या घटकेला मनात होतं ते टाकलं: जावयाचंथोबाडफोडीन. इंग्रजी अक्षरांत, सगळं सलग, शेवटी एकचा आकडा. लक्षात मात्र राहिला.

बदलला असता. पण त्यासाठी राउटरखालच्या स्टिकरवरचा दुसरा पासवर्ड लागतो, आणि तो स्टिकर मी सुरक्षेसाठी खरवडून काढलाय. टेक्निशियन आमचा जिना चढत नाही. मागे केबल ओढताना त्याने भिंतीचा पोपडा काढला तेव्हा मी दंडुका घेऊन त्याच्यामागे फाटकापर्यंत गेलो होतो. नुसता गेलो होतो. मारला एकच.

५ मार्च, बुधवार. सकाळ.

सोपा उपाय सुचला. जावयाचा फोन घ्यायचा, डोक्यावर टॉवेल घ्यायचा, आत बसून पासवर्ड आपणच टाकायचा. काम फत्ते, गुपित शाबूत.

५ मार्च. दुपार, दवाखान्यातून.

टॉवेलखाली नीट चाललं होतं. तेवढ्यात मेणबत्ती मदतीला म्हणून वाकली. बाबा, अक्षरं कॅपिटल पडतायत का, असं विचारलं म्हणे. मला ऐकू आलं नाही. कानाशी श्वास लागला आणि माझा कोपर आपोआप मागे गेला. खळ्ळ आवाज झाला. मला वाटलं फोन पडला. नाक होतं. टॉवेल पांढरा होता.

हाड सरकलंय, डॉक्टर म्हणाले. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तर मेणबत्तीच नाकात बोळे घेऊन म्हणाली, अगं चुकूनच लागला. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर नव्हे, हे जरा लागलं.

कोपर म्हणजे हात नव्हे. संकल्प कायम.

६ मार्च, गुरुवार

टेक्निशियन माझा फोन उचलत नाही. हिच्या फोनवरून लावला. म्हणाला, राउटरच्या मागे बटण असतं ते दाबा आणि लगेच पाहुण्याचा फोन जोडा, पासवर्ड लागत नाही. राउटर कपाटावर. स्टुलावर चढून दाबलं. जावई म्हणाला, बाबा, माझ्या फोनमध्ये ही सोयच नाही, नवीन फोनमधून काढून टाकलीय.

मी शांतपणे खाली उतरलो. शांतपणे दाराआडचा दंडुका घेऊन राउटरवर उगारला. कपाटाच्या दाराला आरसा आहे हे माझ्या लक्षात होतं, पण दंडुक्याच्या नव्हतं. भुवईत काच गेली, टाके पडले, चष्म्याच्या दोन्ही काचा गेल्या. नवा चष्मा पुढच्या आठवड्यात.

ही केरसुणीने काचा गोळा करत म्हणाली, तुमच्यापेक्षा वादळ परवडलं, ते येऊन निघून तरी जातं. मी मनावर घेतलं नाही. आरसा वस्तू आहे. संकल्प कायम.

८ मार्च, शनिवार

जिंकलो!

टेक्निशियनला पुन्हा फोन केला. या वेळी म्हणाला, आपल्या फोनमध्ये वायफाय उघडा, शेअर दाबा, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन येतो. पाहुण्याने त्यावर कॅमेरा धरला की झालं, पासवर्ड सांगायचा नाही. त्या चौकोनाचा फोटो घेतला. एकदाच काय ते काम करावं म्हणून झेरॉक्सच्या दुकानात मोठा छापून घेतला. दुकानदाराने कागद पाहिला, माझे टाके पाहिले आणि खो खो हसत सुटला. पोऱ्यालाही बोलावून दाखवला. मी कॉलर धरली. दोन बटणं उडाली. तेव्हा म्हणाला, नाही हो साहेब, फार छान आहे, हॉलमध्येच लावा. दुकानदार घरचा नाही. संकल्प घरापुरता होता.

फ्रेम करून सोफ्यामागच्या भिंतीवर लावला. चौकोनाखाली काहीतरी बारीक ओळ आहे. चष्म्याशिवाय मुंग्यांची रांग दिसते. कंपनीचं नाव असेल.

जावयाने लांबूनच कॅमेरा धरला, लगेच जोडला गेला. मग फ्रेमजवळ गेला. चौकोनाखाली वाकून पाहिलं. माझ्याकडे वळून म्हणाला, कळलं, बाबा. मग म्हणाला, हे आतल्या खोलीत लावूया का? मी म्हटलं, का? आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे? थोड्या वेळाने बघतो तर पठ्ठ्याने फ्रेमच्या खालच्या अंगाला कॅलेंडर अडकवलेलं. काढून टाकलं. मग त्याने सोफ्याच्या पाठीवर फुलदाणी ठेवली. तीही हलवली. याला माझं कौतुक बघवत नाही.

९ मार्च, रविवार

उद्या व्याहीविहीण नाक बघायला येणार होते. आजच आले.

मी फ्रेम दाखवून सुरक्षेवर थोडं बोललो. व्याह्यांना दुकानांच्या पाट्याही मोठ्याने वाचायची सवय. ते पुढे झाले आणि ती मुंग्यांची रांग वाचली. आधी एकेक अक्षर. मग जोडून. मग अर्थ लागल्यावर पुन्हा एकदा, ठणठणीत आवाजात.

सगळ्यांनी जावयाच्या नाकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मी म्हटलं, तो अपघात होता. विहीणबाईंनी कप फेकून मारला. व्याह्यांनी माझं मानगूट धरलं, मी त्यांची कंबर, सोफा आम्हा दोघांसकट उलटला. जावई सोडवायला मध्ये पडला आणि माझी मूठ सुटली. तेच नाक. व्याह्यांनी माझा दात पाडला. हे मला मान्य आहे.

मग मुलीने दाराआडचा दंडुका घेतला. मला वाटलं, आता माझी पाळी. डोळे मिटले. तिने राउटर कपाटावरून खाली पाडला आणि त्याचे दिवे विझेपर्यंत हाणला. फटका खांद्यातून, थेट माझ्यासारखा.

मी म्हटलं, अगं ते लग्नाच्या दिवशीचं आहे, जुनं. ती म्हणाली, बाबा, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी व्हिडिओवर बोलायचात ते या शब्दांच्या वायफायवरून?

बॅग भरताना तिने दंडुका जागेवर नीट ठेवला. जाताना जावई मात्र नाकाला रुमाल लावून म्हणाला, येतो, बाबा. त्याला मेणबत्ती म्हणणं आजपासून बंद.

१६ मार्च, रविवार

नवा राउटर बसला. टेक्निशियन वर आला. तो जाईपर्यंत हिने मला बाथरूममध्ये बसवलं, बाहेरून कडी. पासवर्ड हिने टाकला.

सकाळी ही स्वयंपाकघराचं दार लावून मुलीशी व्हिडिओवर बोलत होती. मुलीचं हसू ऐकू आलं. जावयाचं नाक सुधारतंय, हिने बाहेर येऊन एवढंच सांगितलं. माझ्याबद्दल विचारलं का, ते मी विचारलं नाही. विचारायचं होतं.

पासवर्ड मागितला. ही म्हणाली, सुरक्षेचं तत्त्व.

स्वतःच ओळखायचं ठरवलं. मुलीचं नाव टाकलं. चूक. जन्मसाल जोडून टाकलं. चूक. लग्नाची तारीख. चूक. शेवटी नुसतं माफकर टाकलं. तेही चूक. फोन आपटणार होतो, आपटला नाही. कुणाला सांगणार?

दुपारी हिने स्वतःच ठिपक्यांचा कागद समोर धरला. म्हणाली, धरा कॅमेरा. जोडला गेला. नेटवर्कचं नाव आलं: पाहुणे.

नवा चष्मा आलाय. पहिली नजर चौकोनाखालच्या ओळीकडे गेली. तेवढा भाग तिने कात्रीने कापून घेतला होता.