बंपरची पट्टी आणि कोंडीरामकाकांचं दार

घोडपदेव, मुंबई
१२ सप्टेंबर १९८३

ती. अंबिकाताईस,
दौलतचा सा. न. वि. वि.

गणपतीला गावी आलो नाही म्हणून तू फुगून बसली असशील. पण इथे गॅरेजात एक लाल विलायती गाडी माझ्या मानगुटीवर बसली आहे. दोन माणसांपुरती, छप्पर उघडणारी, वीसएक वर्षांची. मालक ब्रीच कँडीचे डॉक्टर. इंजिन झकास आहे, रडगाणं आहे मागच्या बंपरचं. बंपरच्या मधोमध खाच असते, तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी रबरी पट्टी बसवलेली. ती पार वाळून टाचेसारखी भेगाळली आहे. एका बाजूने तर लोंबतेय. तशी पट्टी हिंदुस्थानात मिळत नाही. चोरबाजार झाला, कुर्ला झालं, जो तो हसतो. शेवटी नागदेवीच्या एका रबरवाल्याकडे जवळपास तसा माल सापडला, तोही एकच तुकडा.

तू म्हणशील, पट्टीचं एवढं काय? तर ऐक. कालिंदीबद्दल तुला मे महिन्यातच सांगितलंय. तिच्या बाबांनी, कोंडीरामकाकांनी, गिरणीचा संप चालू असताना कामावर जायला सुरुवात केली तेव्हापासून आपल्या बाबांनी चाळीत वरच्या मजल्यावरचं त्यांचं दार वर्ज्य केलंय. एकाच खात्यात वीस वर्षं शेजारी-शेजारी उभी राहिलेली माणसं! आणि मुलीकडे शब्द टाकायला मोठं माणूस तर हवंच. आपले गाववाले म्हणून मी आमच्या गॅरेजच्या राजाराम मिस्त्रींना गळ घातली. ते म्हणाले की ही पट्टी नीट बसव, आणि तोवर कोणाशी एकही भांडण करू नकोस, मग मी कोट घालून जातो. पण हे सगळं पितृपक्षाच्या आत व्हायला हवं. त्या पंधरवड्यात कोणी सोयरिकीचं बोलणार नाही, आणि घट बसले की शीवचे लोक कालिंदीला बघायला येणार आहेत.

माझी झोप उडाली आहे. तिकडे बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

कळावे. रागावलीस तरी चालेल, लोभ तेवढा आटवू नकोस.

तुझा भाऊ,
दौलत


मु. पो. कट्टा
१७ सप्टेंबर १९८३

चि. दौलत यास,
अंबिकाताईचे अ. उ. आ.

पत्र पावलं. पानभर गाडी आणि अर्ध्या पानावर मुलगी! बिचारी कालिंदी. गौरी यंदा छान झाल्या. तुझ्या भाच्याने सगळे मोदक संपवले आणि रात्रभर पोट धरून बसला.

बाबा बरे आहेत, म्हणजे बोलत नाहीत. सकाळी माडांना पाणी घालतात, दुपारी रेडिओवर गिरण्यांचं काही सांगतात का म्हणून कान लावून बसतात. परवा माझ्या सासऱ्यांनी सहज विचारलं की परत बोलावणं आलं का, तर ताटावरून उठले.

मिस्त्री सांगतील तसं कर. तू कॉलेज सोडलंस ते सरांशी भांडून, आधीची नोकरी सोडलीस ती मुकादमाशी भांडून. बंपर तरी तुझ्याशी भांडणार नाही अशी आशा आहे.

आमच्या सगळ्यांची माया गृहीत धर, पण उत्तर लवकर पाठव.

तुझी,
अंबिकाताई


घोडपदेव, मुंबई
२३ सप्टेंबर १९८३

ती. ताईस, सा. न.

वाटोळं झालं. आजपासून पितृपक्ष लागला आणि मी होतो तिथेच आहे.

मिस्त्रींनी बजावलं होतं की रबर ओढायचं नाही. साबणाचं पाणी लावून एका टोकाकडून ढकलत ढकलत खाचेत बसवायचं, शेवटी चार बोटं जास्तीची सोडायची, रात्र जाऊ द्यायची आणि सकाळी कापायचं. पण अनंत चतुर्दशीला सगळं गॅरेज लालबागला मिरवणुकीत गेलं, मी एकटाच राहिलो. वाटलं, आज संपवून टाकू, म्हणजे मिस्त्री उद्याच कोट काढतील. पट्टी जागोजागी फुगत होती, म्हणून ताणून घेतली. ताणल्यावर अशी सरळ दिसली की काय सांगू! वाढीव टोक कापून टाकलं आणि मिरवणुकीत नाचायला गेलो.

सकाळी येऊन बघतो तर पट्टी आखडून चार बोटं आत गेलेली. विलायती गाडीचा बंपर दात पडल्यासारखा दिसत होता. माझं डोकं फिरलं. तडक नागदेवीला गेलो आणि भर दुकानात रबरवाल्याला लुच्चा म्हणालो. गिऱ्हाइकं जमली. त्याने एवढंच विचारलं की ओढून बसवली होतीस ना? आणि मी परत यायच्या आत मिस्त्रींना फोन केला.

मिस्त्री ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं की ज्याला एक रात्र धीर धरवत नाही, तो मुलगा चांगला आहे हे मी कोणत्या तोंडाने सांगू? आता ते जाणार नाहीत. चाळीत वरच्या नळावर कालिंदी भेटली. तिला सगळं आधीच कळलेलं. म्हणाली की कॉलेज अर्धं, पट्टी अर्धी, मला कुठवर नेणार आहेस? बादली उचलून निघून गेली.

आता तूच सांग मी काय करू. हा लोभ वगैरे लिहायचंही आज जिवावर आलंय.

दौलत


मु. पो. कट्टा
२९ सप्टेंबर १९८३

चि. दौलत यास, अ. आ.

तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊकच होतं. कालिंदीचा प्रश्न मात्र आवडला. मुलगी हातची घालवू नकोस.

आता एक सांगते, ओरडू नकोस. तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. सगळं नाही. आधी पहिलं पत्र वाचलं, राजाराम मिस्त्री कोट घालून कोंडीरामकाकांकडे जाणार इथपर्यंत. दुसऱ्या पत्राचं विचारलं, तेव्हा म्हटलं की दिवा मंद आहे, अक्षर लागत नाही. बाबा उठून गोठ्याकडे गेले. बराच वेळ म्हशीशीच काहीतरी बोलत होते. मग येऊन मला म्हणाले की तो राजाराम कोण लागून गेलो? मी काय मेलंय काय?

आज सकाळी त्यांनी पांढरा सदरा इस्त्रीला दिला. घट बसतील त्या दिवशी मुंबईला पोचतात. मिस्त्रींनी अंग काढून घेतलंय हे त्यांना कळता कामा नये. तू तोंडाला कुलूप लाव. आणि तोवर त्या रबरवाल्याची माफी माग. ही माझी अट.

आशीर्वाद आहेतच, अक्कल तुझी तूच मिळव.

अंबिकाताई


घोडपदेव, मुंबई
९ ऑक्टोबर १९८३

ती. ताईस,
दौलतचा सा. न. वि. वि.

तुझी अट पाळली. नागदेवीला जाऊन हात जोडले. रबरवाल्याने आधी चहा पाजला, मग गोदामातून त्याच मालाचं एक वेटोळं काढून दिलं, आधी का नाही दिलंस हे विचारायचं मी जिभेवर दाबून धरलं. या वेळी ढकलत ढकलत बसवली. एक रात्र सोडून दोन रात्री थांबलो. गाडी काल गेली. डॉक्टरांनी बंपरकडे बघितलंही नाही, सरळ बसून निघून गेले! मिस्त्री मात्र बघत राहिले.

बाबा शुक्रवारी आले. काल संध्याकाळी पांढरा सदरा घालून वर गेले, मी मागे. कोंडीरामकाका दारात उभे. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हाणामारी होते. मग काका बाजूला झाले आणि बाबा आत जाऊन बसले. मला कोणी बसही म्हटलं नाही, मी गॅलरीतच.

ताई, दोन तास! आणि बोलणं कशाचं, तर गिरणीचं. कुठला साचा गंजला, कोणाला परत घेतलं, कोणाला गेटवरूनच हाकललं. काका म्हणाले की घरात तान्हं नातवंड आजारी होतं, म्हणून गेलो आत. बाबा म्हणाले की मला येऊन सांगायचं होतंस. काका म्हणाले की सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस? कालिंदीने दोनदा चहा नेला. दुसऱ्यांदा माझ्या हातातही कप दिला आणि माझं तोंड बघून फिस्सकन हसली.

माझं नाव एकदाही निघालं नाही. लग्न हा शब्दसुद्धा नाही! उठताना बाबा काकांना म्हणाले की उद्या परत येतो. जिन्यात मी भडकलो. तर बाबा म्हणतात की तुझा विषय कुठे पळून चाललाय, आमचं दीड वर्षाचं राहिलंय ते आधी होऊ दे.

आजही ते वरच बसलेत. जेवायलाही तिकडेच. शीवचे लोक आज यायचे होते. काकांनी सकाळीच त्यांना निरोप धाडला की येऊ नका, घरी पाहुणे आहेत.

पाहुणे म्हणजे बाबा. मी अजून गॅलरीतच उभा आहे, कठड्यावर कागद ठेवून हे लिहितोय.

लोभ असू दे, आणि देवापुढे माझ्या वतीने थोडा धीर माग.

तुझाच,
दौलत