कापलेली ओळ

बोर्ली पंचतन
१२ एप्रिल २०२५

मित्रा जीवन,

इकडे सगळे ठीक. तूही पनवेलला रुळला असशील. फोन उचलत नाहीस, मेसेज बघत नाहीस, म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. माझं अक्षर अजून तसंच आहे, वाचताना शिव्या दे.

भरती-सुकतीच्या वेळा दाखवणाऱ्या आपल्या अ‍ॅड-ऑनची नवी आवृत्ती काल सोडली. फुकटच, पहिल्यासारखी. चाळीसेक होमस्टेवाल्यांनी आपापल्या वेबसाइटला जोडलेलं अजून काढलेलं नाही. कोणी खरंच वेळ बघतं, कोणी नुसतं शोभेला ठेवलंय.

तुझे बाबा, म्हणजे माझे रावजीकाका, बरे आहेत. हरिहरेश्वरला देवळाजवळ शहाळी घेऊन बसतात. शिमग्याला तू आला नाहीस, पालखी दारात आली तेव्हा नारळ रावजीकाकांनी एकट्यानेच दिला. पूर्वी समुद्राकडच्या खडकांवरून प्रदक्षिणेला निघालेला माणूस त्यांच्याकडे थांबून पाण्याची वेळ विचारायचा. आता कोणी विचारलंच तर काका म्हणतात, "मोबाइलात बघा, माझं चुकतंय."

तीन कागद फाडले, आता मुद्द्याचं लिहितो.

जानेवारीतली संकष्टी. चौथी तिथी, तिची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला पूर्ण भरती आणि सकाळी नऊला पूर्ण सुकती. हे काकांनी शिकवलं, तू कोडमध्ये उतरवलंस, आणि त्या दिवशी पाणी अगदी तसंच वागलं. नूतनताईंच्या होमस्टेतल्या पाहुण्यांनी वेबसाइटवर "पूर्ण सुकती ९.००" वाचलं, नऊ ही निघायची वेळ समजले आणि फोटो काढत प्रदक्षिणेच्या वाटेने खडकांवर उतरले. नऊनंतर पाणी चढायला लागतं, त्याआधी मागे फिरायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यांना कोण सांगणार? दोर टाकून वर काढावं लागलं. एका बाईंचा हात मोडला.

सांगणारी ओळ तू लिहिली होतीस, "या वेळेच्या आत परत फिरा." ती मी काढली. मोबाइलवर ती खाली घसरून चौकट मोडायची, दिसायला घाण वाटायचं. तुला न विचारता काढली आणि आवृत्ती सोडून मोकळा झालो.

पानावर ईमेल तुझा, त्यामुळे शिव्या तुला पडल्या. तू फोन करून विचारलंस, "काय बदललंस का रे?" मी म्हटलं, "फक्त रंग." तू कोड उघडूनही पाहिला नाहीस, कारण सांगणारा मी होतो. मग चूक उरली ती काकांच्या गणितात. तू त्यांच्याकडे जाऊन ओरडलास, की तुमच्या पाऊणपटीनं माणसं मेली असती, आणि पनवेलला निघून गेलास. ओरडलास तेव्हा मी शेजारीच उभा होतो आणि गप्प बसलो. घाबरलो होतो रे. त्याची लाज मला रोज वाटते.

परवा काकांना सगळं सांगितलं. शहाळं सोलता सोलता ऐकत होते. कोयता खाली ठेवला आणि म्हणाले, "जीवनला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मंग आधी हितं कशाला आलायस? माझं काय, मला म्हाईत हाय पाणी कधी येतं. तो तिकडं बापाला खोटं ठरवून बसलाय, त्याच्या जिवाला काय वाटत असंल?"

काल ओळ परत घातली. चौकट थोडी उंच करावी लागली, दहा मिनिटांचं काम. खाली लिहिलंय की ही ओळ प्रणयने काढली होती, रावजीकाकांचं आणि जीवनचं गणित पहिल्यापासून बरोबर होतं. तेच सगळ्या होमस्टेवाल्यांना पाठवलं. नूतनताईंकडे स्वतः गेलो, त्यांनी उंबऱ्यातूनच परत पाठवलं. बरोबरच केलं.

माझ्याशी बोलू नकोस, चालेल. पण हे वाचून झालं की बाबांना फोन कर आणि आज भरती किती वाजता ते विचार. तू विचारलंस तर ते सांगतील.

"फक्त रंग" म्हणणारा,
प्रणय