मूल प्रत्यक्ष भेटले : होय

३ फेब्रुवारी
आले बाई एकदाची धाराशिवला! खोली छोटी आहे, पण घरमालकीण मल्लम्मा मोठ्या मनाच्या. आल्या आल्या शेंगाचटणी-भाकरी समोर ठेवली आणि लग्नाचं विचारून घेतलं. उद्यापासून संस्थेत रुजू. आई-वडील नसलेली मुलं नातेवाइकांकडं कशी राहतात, ते घरी जाऊन बघायचं आणि अहवाल लिहायचा. असल्या चांभारचौकशा मी लहानपणापासून फुकटात करत आलेय!

५ फेब्रुवारी
पहिली गृहभेट कळंबला. आठ वर्षांचा गोरोबा ज्वारीच्या पोत्यांमागं लपून बसला. मीही तिथंच फतकल मारली. तासाभरानं बाहेर आला आणि हळूच म्हणाला, दिवाळीपासून शाळेत गेलो न्हाय. मावशीशी बोलले, हेडमास्तरांना गाठलं. सोमवारपासून पोरगा वर्गात. परतताना एसटीत मी चक्क गुणगुणत होते.

१० फेब्रुवारी
उद्या आढावा बैठक आणि माझ्या दोन भेटी बाकी. नळदुर्गजवळची शिवप्रिया, अकरा वर्षांची, मामाकडं राहते. येडशीची राजनंदिनी, सात वर्षांची, आजीकडं. स्कूटी गॅरेजात. आमचे प्रमुख अण्णाराव सर म्हणाले, पुढच्या तारखा टाकून आजच लिहून द्या, मग त्या तारखांना जाऊन या. बैठकीत कागद फक्त मोजतात, तारखा कुणी बघत नाही; इथं सगळे तसंच करतात म्हणे. शिवप्रियाला १२ तारीख टाकली, राजनंदिनीला २०. ‘मूल प्रत्यक्ष भेटले : होय. चहा घेतला.’ कार्यवाहीच्या रकान्यात जरा वजनदार दिसावं म्हणून लिहिलं, ‘मुलीस समुपदेशनासाठी सोबत नेले.’ दोन्हीकडं तेच. लाज वाटली, पण सही केली.

१२ फेब्रुवारी
अंगात ताप. मल्लम्मांनी काढा पाजून दिवसभर झोपवून ठेवलं. नळदुर्ग राहिलं. बरं वाटलं की आधी तिथंच जायचं.

१७ फेब्रुवारी
आज गेले. मामी दारातच म्हणाली, “पोरगी कुठंय? तुमच्यासंगच धाडली की बुधवारी.” मला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय. तर माझ्या गळ्याकडं बोट दाखवून म्हणाली, “तुमीच व्हता. ह्योच हिरवा स्कार्फ. तोंडाला बांधलेला, चहा पितानाबी सोडला न्हाय.”
बुधवार म्हणजे १२. मी अंथरुणात होते.
शिवप्रियाची चप्पल दारात तशीच होती. गडबडीत अनवाणीच गेली, म्हणाली मामी.

१८ फेब्रुवारी
पोलिसांत गेले. सगळं खरं सांगितलं. त्यांनी माझाच अहवाल माझ्यापुढं धरला. मल्लम्मांनी साक्ष दिली म्हणून घरी सोडलं, नाहीतर—
स्कार्फ चुलीत घातला. मला फार भीती वाटतेय.

१९ फेब्रुवारी
शिवप्रियाचा पत्ता नाही. बसस्टँड, ढाबे, नळदुर्गचा किल्ला— कुठंच नाही. मी तिला एकदाही पाहिलेलं नाही. फोटो घेऊन फिरतेय.
राजनंदिनीचा अहवाल परत मागितला. वर गेला, म्हणाले. येडशीला फोन लावतेय, लागत नाही. शेवटची एसटीही गेली.
उद्या २०. पहिल्या एसटीनं निघायचं. त्या स्कार्फवालीच्या आधी पोचायचं. बस्स.

२० फेब्रुवारी, सकाळ
गाडीत. अक्षर हलतंय. घाटात ट्रक आडवा— अर्धा तास गेला. देवा, पोचू दे.

येडशी
पळत आले. राजनंदिनीच्या आजी, कडूबाई, दारातच. त्यांना म्हटलं, मी संस्थेतून आलेय. त्या म्हणाल्या, “मॅडम तर आत हायेत. तुमी कोण?”
कडूबाई दार अडवून उभ्या. उभ्या उभ्या लिहितेय. कुणाला ही वही सापडली तर—
आतून कपबशीचा आवाज. मग माझा आवाज. माझाच. चल बाळा, म्हणतोय.
राजनंदिनी बाहेर येतेय. अनवाणी. हिरव्या स्कार्फवालीचं बोट धरून.
मी ओरडले, पोरी, सोड तो हात! ती मलाच घाबरली. तिलाच आणखी बिलगली.
स्कार्फवाली थांबली. माझ्याकडं वळली. स्कार्फची गाठ सोड—