टायधर

१२ ऑक्टोबर १९९८, सोमवार

कंपनीचं सर्क्युलर आलं. एक नोव्हेंबरपासून प्रत्येक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हने फील्डवर टाय लावलाच पाहिजे. 'लावलाच'खाली रेघ. मारा रेघा. मला कसली भीती? चौदा वर्षं महाड-पोलादपूरच्या डॉक्टरांच्या गळ्यात खोकल्याचं सिरप मारतोय, स्वतःच्या गळ्यात एक टाय मारणं काय अवघड आहे!

दुसरी बातमी. महाड आणि चिपळूण मिळून आता एकच माणूस राहणार. दुसरा नंदुरबारला. नऊ नोव्हेंबरला नवा एरिया मॅनेजर धवल जॉइंट वर्कला येणार, म्हणजे दिवसभर माझ्याबरोबर फिरून काम बघणार, आणि कोण जाणार ते ठरवणार. मी नोकरीला लागलो तेव्हा हे पोरगं चड्डीत असेल. असो. चिपळूणचा राहुल ढिला माणूस आहे, शर्टाचं टोक कायम बाहेर. तोच जाईल.

विनोदिनीची इथली शाळेतली नोकरी, चैत्रालीचं दहावीचं वर्ष. नंदुरबारचा प्रश्नच येत नाही. माझ्याकडे टाय आहे. मरून, तिरक्या रेघांचा.

१४ ऑक्टोबर, बुधवार

घात झाला.

विनोदिनीने दिवाळीच्या साफसफाईत माझा टाय धुतला. धुतला तर धुतला, धुण्याआधी सोडला! चौऐंशी साली मुंबईत ट्रेनिंगला पेडणेकर नावाच्या माणसाने ती गाठ मारून दिली होती. तेव्हापासून ती खिळ्याला टांगलेली. घालायची डोक्यातून, ओढायची, झालं. अख्ख्या महाडात सगळे असंच करतात. टायची गाठ कोणी सोडतं का? उद्या देवाची मूर्ती घासायला घेईल आणि हातपाय सुटे करून ठेवेल.

तिचं उत्तर, 'अहो, गाठीत केवढा मळ होता!' चौदा वर्षांची सर्व्हिस आहे ती, मळ नव्हे.

पेडणेकर दुबईत आहे म्हणे.

विनोदिनी म्हणाली, शरददादाकडे घेऊन जा, दोन मिनिटांचं काम आहे. शरद म्हणजे तिचा भाऊ. बँकेत ऑफिसर. रोज ताजी गाठ मारतो आणि चारचौघांत सैल करून पुन्हा आवळून दाखवतो. गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर मला म्हणाला होता, भावजी, तुमचा टाय म्हणजे वारसाहक्काने आलेला दिसतो. लोक मोदक हातात धरून हसले. त्या माणसापुढे मी मान पुढे करू? प्राण गेला तरी नाही.

मी स्वतः शिकेन. बी.एस्सी. आहे मी.

१७ ऑक्टोबर, शनिवार

जुन्या मासिकात चित्र सापडलं. सहा पायऱ्या. पाचवीपर्यंत सगळं बरोबर येतं. सहावीला टाय पाठीमागे लोंबतो. चैत्राली अभ्यास सोडून बघत बसली आणि म्हणाली, बाबा, हे म्हशीचं दावं झालंय, खुंटा आणू का? दहावीच्या मुलीला इतकं हसू शोभत नाही.

खूप विचार केला. चूक माझी नाही, गाठीची आहे. माणूस चंद्रावर गेला आणि अजून कापडाला गाठी मारतोय! गाठ ही मागासलेली गोष्ट आहे. गाठ नकोच. टाय कॉलरला धरून ठेवणारं एक साधं साधन पाहिजे.

ते मी करणार. नाव ठरलं. टायधर.

१९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

टायधर तयार! वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा त्रिकोणी कापला. त्याला छत्रीच्या काड्यांचे दोन आकडे, ते कॉलरच्या दोन्ही पंखांत अडकतात. त्रिकोणावर टाय गुंडाळायचा की हुबेहूब गाठ. पेडणेकरच्या गाठीपेक्षा देखणी. पूजेत लक्ष्मीशेजारी ठेवला, हळदकुंकू वाहिलं.

छत्री विनोदिनीची होती. त्यावरून सणासुदीला तोंड पाडून बसली. पावसाळा संपला, आता छत्री काय डोक्यावर घेऊन झोपायची आहे?

२० ऑक्टोबर

पाऊस. दिवसभर. विनोदिनी भिजून आली. पदर पिळताना माझ्याकडे बघून पिळला.

२२ ऑक्टोबर, भाऊबीज

शरद आला. येणारच, भाऊबीज आहे. दारात चपला काढतानाच म्हणाला, भावजी, आणा बघू तो टाय. म्हणजे बहिणीने सगळं सांगितलेलं! मी म्हणालो, इस्त्रीला दिलाय. तो म्हणाला, थांबतो की मग, घाई नाही. दीड ताटभर जेवला, दिवाणावर आडवा झाला, घोरला. टाय त्याच्याच गादीखाली होता. मनातल्या मनात खूप हसलो.

ओवाळणीत त्याने बहिणीला नवी छत्री घातली. टोमणा समजतो मला.

जाताना हळूच म्हणाला की भावजी, नोकरीचा प्रश्न आहे, माझ्यावर राग काढा पण टाय नीट बांधून जा. मी म्हणालो, शरद, टाय बांधण्याचा जमाना गेला. त्याला काही कळलं नाही. हळूहळू कळेल.

२५ ऑक्टोबर, रविवार

घरात चाचणी. बसणे, उठणे, नमस्कार करणे, सगळं उत्तम. जेवताना शिंक आली. डावा आकडा सुटला, टाय उडून आमटीच्या पातेल्यात. पातेलंभर आमटी वाया घालवायची नाही म्हणून जेवलो. दोघी उसळ-भात जेवल्या.

दोष शिंकेचा. तरी सुधारणा केली. आकडे लांब केले आणि टोकं आत वळवली. आता टाय हलत नाही. मानही हलत नाही, पण रुबाबदार माणसाची मान तशी कमीच हलते.

२ नोव्हेंबर, सोमवार

फील्डवर पहिला दिवस. पोलादपूर. पूर्ण यश!

दवाखान्यात पाऊल टाकलं आणि फरक जाणवला. बाकावरची माणसं कुजबुजायची थांबली. कंपाउंडर धोंडू एरवी मला औषधाच्या खोक्यांवर बसवतो, आज स्वतः उठून खुर्ची दिली. 'सायेब, असे ताठ का? मान धरलीय काय?' अडाणी माणूस, टायचा रुबाब त्याला कुठून कळणार!

उमरठची राहीबाई म्हणून एक म्हातारी सकाळपासून नंबर लावून बसली होती. तिने आपला नंबर मला दिला. म्हणाली, 'जा रे बाबा तू आदी. माजा नुसता खोकला हाय. तुझी मान बघवत नाय.' एका टायने केवढा मान मिळतो! चौदा वर्षांत माझ्यासाठी कोणी जागचं उठलं नव्हतं.

डॉक्टर माझ्या सिरपबद्दल काही न ऐकता थेट मानेबद्दल बोलले. उशी काढा म्हणाले, शेक द्या म्हणाले. मला खाली बघता येत नव्हतं, त्यामुळे औषधाची चित्रं उलटी दाखवली गेली. शेवटी त्यांनीच दुसऱ्या कंपनीचं मलम लिहून दिलं. ही आपुलकी पूर्वी नव्हती.

गळा दोन बाजूंनी पत्र्याने कापलाय. जग बदलणाऱ्यांना थोडं सोसावं लागतं.

५ नोव्हेंबर, गुरुवार

विनोदिनी आज सरळच बोलली. म्हणाली, धवलसाहेबांसमोर हा पत्र्याचा तुकडा लावून जाणार असाल तर नंदुरबारची बॅग आत्ताच भरा. आणि एकट्याची भरा. मी शाळा सोडणार नाही, पोरीची दहावी मोडणार नाही. तुमच्या हट्टाला हद्द आहे की नाही? एका माणसाला एकदा 'बांधून दे' म्हणायला जीभ झडते का?

मी म्हणालो, झडते.

ती आत गेली. भांडी घासायची नव्हती तरी घासत बसली. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ती आणि चैत्राली इथे आणि मी तिकडे कुठल्या तरी खोलीत, ही कल्पनासुद्धा करवत नाही. पण म्हणूनच टायधर! शरदच्या गाठीवर टिकलेली नोकरी मला नको. माझी नोकरी माझ्या बुद्धीवर टिकेल.

८ नोव्हेंबर, रविवार

उद्या धवल. टायधर पॉलिश करून देव्हाऱ्यात ठेवला, फूल वाहिलं. विनोदिनी अचानक गोड झाली. म्हणाली, शर्ट आणि टाय द्या, इस्त्री करते, सकाळी तुमचं ते यंत्रही मीच लावून देईन. शेवटी पटलं तिला! मग ती संध्याकाळी पिशवी घेऊन दासगावला मैत्रिणीकडे म्हणून गेली आणि उशिरा आली. इस्त्री राहिलीच असणार म्हणून ओरडणार होतो, पण शर्ट कडक होता. कर्तबगार बाई.

९ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी

विनोदिनीने स्वतः मला शर्ट चढवला. मला आरशासमोर उभंही राहू दिलं नाही. वर बघा म्हणाली, हलू नका म्हणाली. काहीच टोचत नाही! आत वळवलेली टोकं शेवटी बसली वाटतं. निघताना तिने माझ्या कॉलरवरून हात फिरवला आणि म्हणाली, आज कमी बोला.

मी? कमी बोलू?

तोच दिवस, संध्याकाळी

इतिहास घडला.

धवल मागे बसून महाड ते पोलादपूर स्कूटरवर. हायवेला वारा असा की त्याचा टाय त्याच्या तोंडावर फटाफट मारत होता. माझा टाय जागचा हलला नाही. दवाखान्यात वाकलो, उठलो, धोंडूसमोर मुद्दाम दोनदा शिंकलो. नाही हलला. धोंडू म्हणाला, 'सायेब, मान सुटली वाटता!' डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझं सिरप लिहिलं. स्टँडसमोर मिसळ खाल्ली, धवलचा टाय तर्रीत बुडाला. माझा कोरडा.

धवल म्हणाला, करंदीकर, तुमचं काम चोख आहे, महाडची मला चिंता नाही. खरं तर एवढ्यावर उठायला हवं होतं. चहाही संपला होता. पण तेवढ्यात त्याने विचारलं, तुमचा टाय हलत कसा नाही हो?

मग मी सांगितलं. सगळं. गाठीचा मागासलेपणा, पत्रा, छत्रीच्या काड्या, आमटी. आणखी दोन चहा झाले. राहुल असता तर रबर लावून गप्प बसला असता, मी संशोधन केलं, हेही सांगितलं. मी कुठल्याही नव्या जागी शून्यातून काम उभं करू शकतो, हेही सांगितलं. पोरगा आ वासून ऐकत होता. डायरीत काही तरी लिहून घेतलं. मी त्याला एक टायधर पोस्टाने पाठवायचं कबूल केलं.

राहुल गेला नंदुरबारला! घरी येताना पेढे आणले. चैत्रालीने तीन खाल्ले. विनोदिनीने विचारलं, कमी बोललात ना? मी म्हणालो, मोजकंच. तिने डोळे पुसले, मग तीही एक पेढा खाऊन हसली. बऱ्याच दिवसांनी.

तासाभराने

देवापुढे पेढा ठेवायला गेलो. टायधर देव्हाऱ्यातच आहे. वर कालचं फूल तसंच.

शक्यता एक, मी नकळत दोन बनवले होते. शक्यता दोन, पंधरा दिवसांच्या सवयीने टायला स्वतःलाच वळण लागलं.

शर्ट काढून बघितला. टाय कॉलरला आतून शिवलेला आहे. बारीक पांढरे टाके. इतकी वर्षं माझ्या शर्टांची बटणं त्याच टाक्यांनी बसतात, ओळखतो मी. आणि वर गाठ. ताजी, घट्ट, मधोमध बँकेतल्या ऑफिसरच्या टायला पडते तशी खळी. दासगावच्या मैत्रिणीला असली गाठ येत नाही.

विनोदिनीला काही विचारलं नाही. ती पोळ्या करताना गुणगुणत होती. तत्त्वतः मी शरदला काही मागितलेलं नाही. हे लिहून ठेवतो.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

कंपनीचं पत्र. नंदुरबारचं हेडक्वार्टर अगदी नवीन आहे. तिथे सगळं शून्यातून उभं करायचं आहे. त्यासाठी धवलने धडाडीचा, नवं काही शोधून काढणारा माणूस सुचवला आहे. महाडचं रोजचं काम राहुल चिपळूणहून बघेल. माझं अभिनंदन केलं आहे. एक डिसेंबरला हजर व्हायचं. खाली धवलच्या अक्षरात, टायधर अजून आला नाही, वाट बघतोय.

विनोदिनीने पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, ओरडेल. तिने विचारलं, मोजकंच बोललात ना? मग चैत्रालीला अभ्यासाला बसवलं आणि माळ्यावरची बॅग काढली. एकच. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

तशी ही बढतीच आहे. कंपनीला माझी बुद्धी दिसली. ज्यांना बढती म्हणायची नसेल त्यांनी म्हणू नये.

२२ नोव्हेंबर, रविवार

बॅग भरून झाली. चैत्रालीने टायधर हळूच आत ठेवला आणि म्हणाली, असू द्या बाबा, तिकडे कोणाला तरी दाखवाल. ती हसत नव्हती. त्यापेक्षा म्हशीचं दावं म्हणाली असती तर बरं होतं.

टाय शर्टापासून उसवून विनोदिनीने खुर्चीवर ठेवला होता. गाठीसकट. मी डोक्यातून घालून बघितला, ओढला, आणि काढताना चुकीचं टोक ओढलं गेलं. सुटली.

खोलीत कोणी नव्हतं. 

नंदुरबारला विनोदिनी नाही. नंदुरबारला मेहुणाही नाही.

दुपारी ऊन उतरल्यावर शरदकडे गेलो. त्याने दार उघडलं, माझ्या हातातला टाय बघितला. वारसाहक्काबद्दल काही बोलला असता तर मी तिथूनच परत फिरणार होतो, अगदी ठरवून गेलो होतो. बोलला नाही. म्हणाला, या भावजी, आत या, मी सावकाश दाखवतो, आणि मला आरशासमोर उभं केलं. सहाव्या पायरीला टाय पाठीमागे गेला. तो म्हणाला, पुन्हा. मी म्हणालो, पुन्हा.